निरीक्षणगृहात इंटर्नशिप किंवा व्हॉलंटिअरिंग करायचंय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

दर जूनमध्ये कुणीतरी ज्युनिअर मेसेज करतेच, ताई मला रिमांड होममध्ये इंटर्नशिप करायचीय, कुणाला भेटू? मग मी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढतेय. मी बीएला असताना सुरू केलं, दर आठवड्याला एक दुपार, मग एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क पण याच कामात केलं. कुठल्या गृहात ते सांगत नाही आणि एकाही मुलाची गोष्ट सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. चुका सगळ्या माझ्याच सांगते, त्या भरपूर आहेत.

पहिली गोष्ट शब्दांची. रिमांड होम हा शब्द रिक्षावाल्याला पत्ता सांगायला ठीक आहे, अर्जात लिहू नका. कायद्यात त्याला निरीक्षणगृह म्हणतात आणि तिथल्या मुलाला बालगुन्हेगार नाही तर विधिसंघर्षग्रस्त बालक. उच्चारताना जीभ अडकते मान्य, पण त्यामागे कारण आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा (लागू झाला जानेवारी २०१६ पासून) सरळ म्हणतो की मुलांबद्दल आरोप करणारी, शिक्का मारणारी भाषा वापरायची नाही आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात काही वाईट हेतू नव्हता असंच धरून चालायचं. शिवाय निरीक्षणगृहात जी मुलं असतात त्यांची चौकशी अजून चालू असते, म्हणजे त्यांनी काही केलंय हे ठरलेलंच नसतं. चौकशी संपून बाल न्याय मंडळाने आदेश दिला तर मूल विशेष गृहात जातं, ते पण जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि बालगृह हे पूर्ण वेगळं, तिथे अनाथ, हरवलेली, घरून पळून आलेली मुलं, ज्यांचं बाल कल्याण समिती बघते. निरीक्षणगृहाचं बाल न्याय मंडळ बघतं. या दोघांत गल्लत करून अर्ज केला तर समोरचा माणूस पहिल्या ओळीतच ओळखतो की याने काही वाचलेलं नाही.

आता जिल्हा. हे नवी मुंबईवाल्यांनी नीट वाचा कारण इथे सगळ्यात जास्त जण चुकतात. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगडात, म्हणजे जिल्ह्याचं ऑफिस अलिबागला. हार्बरने बेलापूर सोडलं आणि पुढचं स्टेशन आलं की जिल्हा बदलला. तुम्ही राहता कुठे त्याने फरक पडत नाही, तुम्हाला ज्या गृहात जायचंय ते ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्याकडे अर्ज. वसई-विरारवाले २०१४ पासून पालघर. ठाणे जिल्ह्याचं निरीक्षणगृह भिवंडीला आहे, आणि भिवंडी हे नाव ऐकूनच निम्मे उमेदवार गळतात कारण माजिवडा, बाळकुम, कशेळी, अंजूरफाटा हा रस्ता दुपारी कसा असतो ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. नकाशात दिसणाऱ्या वेळेत आपला एक तास वरून धरा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, पुढे जे वेळेबद्दल बोलणारे त्याच्याशी याचा संबंध आहे.

आत शिरायचे रस्ते साधारण तीन. एक, कॉलेजमार्फत. एनएसएस असेल तर वर्षाला १२० तास लागतात, नवीन शिक्षण धोरणातल्या ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंग) एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला तेही १२०. आठवड्यातून दोन तास जाणार असाल तर १२० तासांना ६० आठवडे लागतील, हे गणित ॲडमिशनच्या वेळीच सरांसमोर मांडा. त्यांच्याकडून लेखी घ्या की प्रवासाचे नाही पण तयारीचे आणि लिखाणाचे तास धरले जातील, नाहीतर शेवटच्या महिन्यात तास भरायला म्हणून तुम्ही रोज तिथे जाऊन बसाल आणि मुलांना ते लगेच कळतं. दोन, आधीच परवानगी असलेल्या संस्थेबरोबर. हा सगळ्यात सोपा रस्ता, मी याच रस्त्याने गेले. मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास हा प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि कोठडीतल्या लोकांबरोबर काम करतो, ठाण्यातलं समतोल फाउंडेशन स्टेशनवर सापडणाऱ्या, घर सोडून आलेल्या मुलांना परत घरी पोचवायचं काम करतं. प्रत्येक संस्थेचं काम वेगळं, त्यामुळे आधी त्यांचं काम काय ते वाचा, मग फोन करा. तीन, लॉच्या मुलांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाण्याचं. वकिलीची सनद मिळेपर्यंत लॉचा विद्यार्थी पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे प्राधिकरणाचा कायदेविषयक स्वयंसेवक, होऊ शकतो, निवड आणि ट्रेनिंग होतं. एक लक्षात ठेवा, बाल न्याय मंडळाचं कामकाज बाकी कोर्टासारखं उघडं नसतं. कोर्टनाक्याला सेशन्सच्या मागच्या बाकावर जाऊन बसतो तसं तिथे बसता येत नाही, मंडळाची परवानगी लागते. ती मिळाली तर मात्र जरूर बघा. उंच डायस नाही, पिंजरा नाही, मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक सदस्य मुलाच्या समोर एकाच पातळीवर बसतात. पहिल्यांदा बघताना मला मिनिटभर कळलंच नव्हतं की हेच कोर्ट.

स्वतःहून थेट अर्ज करायचा असेल तर तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे. गृहाच्या अधीक्षकांना आधी भेटून या, चांगलंच आहे, पण त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं, फाईल वर जाते आणि वर जायला वेळ लागतो. म्हणून जानेवारीत जायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या आधी. दोन प्रती न्या, आवक-जावकच्या टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का-तारीख मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. मेल केला तरी कागद द्याच. माझा पहिला अर्ज एका ऑफिसात नुसता साहेबांच्या टेबलावर ठेवून आले होते, दोन महिन्यांनी विचारायला गेले तर असा अर्जच आला नाही. भांडायला हातात काही नाही.

अर्ज कसा लिहायचा? माझ्या कॉलेजने पहिल्यांदा जे पत्र दिलं त्यात लिहिलं होतं की आमची विद्यार्थिनी बालगुन्हेगारांच्या मानसिकतेचा अभ्यास करू इच्छिते. असं पत्र घेऊन गेलात तर संशोधनाची परवानगी वेगळी आहे म्हणून परत पाठवतील आणि बरोबरच आहे त्यांचं, मुलं म्हणजे तुमचा सॅम्पल नाही. मी नंतर असं लिहिलं, हवं तर उचला:

प्रति,
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, ठाणे
विषय: निरीक्षणगृहात आठवड्यातून एक दिवस वाचन-लेखन सत्र घेण्यास परवानगी मिळणेबाबत
महोदय/महोदया,
मी (कॉलेज, वर्ष) ची विद्यार्थिनी असून माझे वय १९ पूर्ण आहे. दर मंगळवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत, सलग सहा महिने, मुलांना वाचन, अर्ज भरणे, व्यवहारी गणित यांत मदत करण्याची माझी तयारी आहे. मी मुलांची कोणतीही वैयक्तिक माहिती, फोटो अथवा प्रकरणाचा तपशील मागणार वा नोंदवणार नाही. सत्र कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत होईल. सोबत कॉलेजचे पत्र, ओळखपत्र, आधारची प्रत व पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडले आहे.

बस एवढंच. एक दिवस, एक वेळ, एक काम. समाजसेवेची आवड, देशाचं भविष्य वगैरे एक ओळ पण नको. वय १८ पूर्ण हवंच. पोलीस पडताळणीचा अर्ज ऑनलाईन होतो, तो सगळ्यात आधी करा कारण चौकीत बोलावणं येईपर्यंत वेळ जातो. संस्थेतर्फे गेलात तर बाल संरक्षण धोरणावर सही घेतील, सही करायच्या आधी ते वाचा, मी वाचलं नव्हतं. स्टायपेंड विचारूच नका, रिक्षाचे पैसे पण खिशातून जातात हे घरी आधी सांगून ठेवा. घरच्यांचं म्हणाल तर माझी आई पहिले दोन महिने म्हणायची, तुला दुसरं काही मिळालं नाही का गं. मुली मुलांच्या गृहात जातात, चालतं, स्टाफ असतोच. साधा पंजाबी ड्रेस, बंद चप्पल, दागिने-घड्याळ घरी. मोबाईल गेटवरच जमा.

आता खरं काम. मी पहिल्यांदा दहा सत्रांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स बनवून नेला होता, पहिल्यात ध्येय, दुसऱ्यात राग, तिसऱ्यात संवाद असं चढत्या क्रमाने, रात्र रात्र जागून. तिसऱ्या मंगळवारी गेले तर पहिल्या दिवशीच्या मुलांपैकी दोघंच उरलेली, बाकी सगळी नवीन तोंडं. मी हिरमुसले, तिथल्या काळजीवाहक मावशी हसायला लागल्या, म्हणाल्या, जामीन झाला की जातात ना घरी, त्यांनी काय तुझ्यासाठी थांबायचं? बरोबरच होतं. कायद्याने मुलाला जामीन हाच नियम आहे, नाकारायला ठरावीक कारणंच लागतात. त्यामुळे कोण किती दिवस असेल ते कुणालाच माहीत नसतं, एखादा चार दिवस, एखादा चार महिने. म्हणून तुमचं प्रत्येक सत्र त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपलं पाहिजे, मागचं माहीत नसलेल्या मुलाला पण बसता आलं पाहिजे आणि पुढे काय हे कळलं नाही तरी त्याचं काही अडता कामा नये. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

मग काय चालतं? बँकेत पैसे भरायची स्लिप. रेल्वेच्या रिझर्वेशनचा फॉर्म. पेपर मोठ्याने वाचणं, मागून पुढे, म्हणजे आधी क्रिकेट. घरी पत्र. मापं आणि भाव, इतके मीटर कापड, इतका दर, मालकाने इतके दिले, कमी दिले की जास्त, यात मुलं माझ्यापेक्षा फास्ट असतात आणि तेच हवंय. माझं सगळ्यात हिट सत्र होतं सही. नुसतं आपली सही बनवायची, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्लिश, ज्याला जी येते, दीड तास गेला, कोरी पानं संपली. मी हे ठरवून नेलंच नव्हतं, हजेरीच्या कागदावरून निघालं. आणि कॅरम. कॅरमला कमी लेखू नका, समोरासमोर बसून डोळ्यात डोळे न घालता बोलता येतं ते फक्त कॅरमवर. सोंगट्या मात्र मोजून न्या, मोजून आणा. पेन्सिली, पेनं, सगळंच मोजून. कात्री, कटर, कर्कटक नाहीच, मी पहिल्या दिवशी नवाकोरा कंपास बॉक्स घेऊन गेले होते, गेटवरच्या काकांनी उघडून नुसतं माझ्याकडे बघितलं. भाषेचा बाऊ करू नका, हिंदी-मराठीची खिचडी चालते, तुमची शुद्ध मराठी ऐकून उलट मुलं गप्प होतात.

तारखेच्या दिवशी, म्हणजे मंडळापुढे ज्याची सुनावणी असते त्या दिवशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काही शिकवायला जाऊ नका. अधीक्षकांना आधीच विचारून तो वार टाळा. कुणाला घरून कुणी आलं नाही, कुणाला पुढची तारीख पडली, त्या दिवशी कोण तुमचं व्यवहारी गणित ऐकणार.

काय विचारायचं नाही ते सांगते. काय केलंस, हे कधीच नाही, आडून पण नाही. मी एवढी शहाणी की ते विचारलं नाही पण पहिल्याच दिवशी ओळख म्हणून घरी कोण कोण असतं विचारलं, आणि अख्खी खोली गार. ज्याच्या घरी सांगण्यासारखं कुणी नाही किंवा जो आहे त्याच्यामुळेच इथे आलाय त्याने काय सांगायचं? आवडती भाजी विचारा, धोनी का कोहली विचारा. आपणहून कुणी केसबद्दल बोलायला लागला तर थांबवा, प्रेमाने, सांगा की हे तुझ्या वकिलाला किंवा परिविक्षा अधिकाऱ्यांना सांग, मला नको. परिविक्षा अधिकारी म्हणजे जे मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणीचा अहवाल बनवतात, १५ दिवसांत द्यायचा असतो तो, आणि त्यावर बरंच काही ठरतं. तुम्ही मध्येच कायदेशीर सल्ले द्यायचे नाहीत, तुम्ही लॉला असलात तरी. सुटशील रे लवकर, असं पण म्हणायचं नाही. तुम्हाला काय माहीत?

नंबर नाही, इन्स्टा नाही, पत्ता नाही, कुणाच्या घरी निरोप पोचवणं नाही, बाहेरून गुपचूप काही आणणं तर अजिबात नाही, चॉकलेट पण नाही. एकाला आणलं की दुसऱ्याला का नाही, आणि तुम्ही गेल्यावर तो हिशोब आत होतो. बाहेर पडल्यावर कुणी रिक्वेस्ट पाठवलीच तर संस्थेच्या ताईंना सांगा, त्या ठरवतील. दगड काळजावर ठेवावा लागतो कधीकधी, पण नाहीच.

आणि एखाद्या मुलाने सांगितलं की मला कुणी मारतं, किंवा त्याहून वाईट काही, तर? आधीच गुप्ततेचं वचन देऊन बसू नका. कुणाला सांगणार नाही ना ताई, असं विचारतात. त्यावर मी म्हणते, तुला त्रास होत असेल तर मला सांगावंच लागेल, पण कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन. मग ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, घरी जायच्या आत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ टाकून, आणि त्याच दिवशी तुमच्या संस्थेच्या प्रमुखांना आणि अधीक्षकांना सांगा. तक्रार स्टाफबद्दलच असेल तर मंडळाकडे, मंडळाने महिन्यातून एकदा तरी गृहाची पाहणी करायची असते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर कधीही लागतो. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, मी तर नुसती व्हॉलंटिअर असं म्हणता येत नाही, न कळवणं हाच गुन्हा.

कॉलेजचा रिपोर्ट. इथे चांगली चांगली पोरं अडकतात. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापणं, टाकणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळख म्हणजे फक्त नाव-फोटो नाही. कळव्याचा, सोळा वर्षांचा, वडील रिक्षा चालवतात, अमुक गणपतीतल्या भांडणात आलेला, असं लिहिलंत तर कळव्यातल्या निम्म्या लोकांना कळलं की कोण ते. म्हणून रिपोर्टमध्ये मुलांबद्दल काही नाहीच, तुमच्या सत्रांबद्दल लिहा, काय नेलं, काय फसलं, काय बदललं. सर म्हणतील केस स्टडी हवी, तर त्यांना हे कलम दाखवा. गेटसमोर सेल्फी पण नको. १४ नोव्हेंबरला बिस्किटांचे बॉक्स घेऊन बॅनरसकट फोटो काढणारे येतात त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, बोलले तर खूप बोलेन.

परवानगी नाही मिळाली किंवा भिवंडी झेपलंच नाही तर रडत बसू नका. खरं तर मुलगा घरी आल्यावर जास्त काम असतं आणि त्या कामाला माणसंच नसतात. शाळा सुटलेली असते, तर बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचं, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढायला जुन्या शाळेत चार चकरा. आधारवरची चुकीची जन्मतारीख. एक पालक किंवा दोन्ही नसतील तर बालसंगोपन योजनेची फाईल, महिना २२५० मिळतात पण कागद दहा लागतात आणि त्या आजीला कागद कळत नाहीत. तुमच्या एरियात काम करणाऱ्या संस्थेला विचारा, वागळे इस्टेट, दिघा, तुर्भे, कुठेही, की आठवड्यातून एक सकाळ मी फॉर्म भरून देईन. ग्लॅमर शून्य आहे यात. सर्टिफिकेटवर पण छान दिसत नाही. मला विचाराल तर मी आता हेच करते.

राहिली वेळ. जो वार दिलात तो वार, जी वेळ दिलीत ती वेळ. मी एकदा कशेळीच्या पुलावर अडकून पावणेदोन तास उशिरा पोचले, मुलांनी तोपर्यंत सतरंजी अंथरून, गोल करून, कॅरमला पावडर मारून ठेवली होती आणि नंतर वाट बघून परत गुंडाळून ठेवलेली. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर मी एक तास आधी पोचून बाहेर टपरीवर चहा पीत बसायचे. परीक्षेमुळे येणार नसाल तर आदल्या आठवड्यातच सांगा, महिन्यातून चारऐवजी दोनदाच जमणार असेल तर पहिल्यापासून दोनदाच सांगा.

आणि सोडताना गायब होऊ नका. शेवटचे दोन आठवडे उरले की सांगा, अजून दोनदा येणार, मग माझी परीक्षा. निरोप समारंभ, केक, रडारड काही नको, नेहमीचंच सत्र घ्या. वह्या तिथेच ठेवा, पेन्सिली मोजून द्या, तुमच्या जागी कुणी येणार असेल तर एकदा बरोबर घेऊन या. गृहाचं ओळखपत्र परत करा आणि त्याची पण पोच घ्या.